सिल पडताळणीची फाइल परत का येते? पात्रता, कागदपत्रे आणि प्रूफ टेस्टची मुदत

सिल (सेफ्टी इंटिग्रिटी लेव्हल) म्हणजे प्लांटमधला धोका टाळणारे सुरक्षा फंक्शन किती भरवशाचे आहे, त्याची पातळी. तिच्या पडताळणीची परत आलेली फाइल उघडली की बहुतेक वेळा सर्वांत वर ट्रान्समीटरचे (दाब, तापमान वगैरे मोजून कळवणाऱ्या उपकरणाचे) ‘सिल २’ प्रमाणपत्र असते. ते जोडले म्हणजे काम झाले, हा समज अजून जात नाही. प्रक्रिया उद्योगांसाठीच्या आयईसी ६१५११ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार सिल पातळी एकट्या उपकरणाची नसते. सेन्सर, लॉजिक सॉल्व्हर (निर्णय घेणारा नियंत्रक) आणि व्हॉल्व्ह मिळून जे सुरक्षा फंक्शन बनते, त्या सगळ्याची ती असते. प्रमाणपत्र सांगते ते एवढेच की सेफ्टी मॅन्युअलमधल्या अटी पाळल्या तर हे उपकरण त्या पातळीच्या फंक्शनमध्ये वापरता येईल. म्हणून मॅन्युअलही जोडा.

पात्रतेच्या अटी तीन आणि तिन्ही पूर्ण व्हाव्या लागतात. जे फंक्शन वर्षातून एकदाच किंवा त्याहून कमी वेळा लागते, त्याची ऐन वेळी निकामी ठरण्याची सरासरी शक्यता सिल १ साठी ०.१ ते ०.०१, सिल २ साठी ०.०१ ते ०.००१ आणि सिल ३ साठी ०.००१ ते ०.०००१ या पट्ट्यात हवी. दुसरी अट हार्डवेअर फॉल्ट टॉलरन्सची, म्हणजे एखादा भाग बिघडला तरी फंक्शन काम करत राहण्याची, तिसरी डिझाइन आणि सॉफ्टवेअरमधल्या चुका टाळण्याच्या क्षमतेची. तिन्हींत जी पातळी सर्वांत खाली, तीच फंक्शनची.

हॅझॉप (धोके शोधण्याचा अभ्यास) आणि लोपा (संरक्षणाचे थर पुरेसे आहेत का, याचे विश्लेषण) यांचे अहवाल बहुतेकांकडे असतात. नसते ते एसआरएस, म्हणजे सुरक्षा गरजांचे तपशीलपत्र. त्याच्या जागी कॉज अँड इफेक्ट चार्ट लावतात आणि फाइल तिथेच अडते. चार्टवरून कोणता व्हॉल्व्ह बंद होणार ते कळते. किती सेकंदांत, किती गळती चालेल, बायपास कोणत्या परिस्थितीत, रिसेट कसा, प्रूफ टेस्ट (लपलेले बिघाड शोधणारी ठरावीक काळाने होणारी चाचणी) किती दिवसांनी, यातले काहीच कळत नाही. हे उपकरणे खरेदी करण्याआधी लिहायचे असते. नंतर घाईने तयार केलेला एसआरएस लगेच ओळखू येतो, कारण त्यातले आकडे कॅटलॉगमधून उचललेले असतात. तपासणाऱ्यांनाही कळकळीने सांगणे आहे: ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढाच शेरा मारून फाइल परत पाठवू नका, कोणत्या फंक्शनचे काय कमी आहे ते लिहा. माणसे त्या दोन शब्दांवर आठवडेच्या आठवडे घालवतात.

आता मुदत. गणितात प्रूफ टेस्ट दर वर्षी धरलेली असते, ती करण्यासाठी लागणारा शटडाउन मात्र तीन वर्षांनी येतो. समजा व्हॉल्व्हच्या धोकादायक पण लपून राहणाऱ्या बिघाडांचा दर तासाला ०.०००००१ आहे. एकाच व्हॉल्व्हसाठी ढोबळ सूत्र असे: हा दर गुणिले दोन टेस्टमधले तास, भागिले दोन. एका वर्षाला (८७६० तास) उत्तर ०.००४४ येते, सिल २ मध्ये बसते. तीन वर्षांना ०.०१३ येते, सेन्सर आणि लॉजिक सॉल्व्हर मिळवण्याआधीच फंक्शन सिल १ वर घसरलेले असते. त्यातही टेस्टमध्ये सगळे बिघाड सापडतात असे धरलेले आहे. व्हॉल्व्ह थोडा हलवून पाहणे ही पूर्ण प्रूफ टेस्ट नव्हे. तो घट्ट बंद होतो का, हे तेवढ्या हलवण्यातून कळत नाही. म्हणून शटडाउनचे खरे वेळापत्रक मेंटेनन्सकडून आधी मागून घ्या, मगच गणिताला बसा.

बाकी अर्ज, सह्या, रेखाचित्रांचे आवृत्ती क्रमांक नेहमीसारखेच.

फंक्शनल सेफ्टी असेसमेंटचा, म्हणजे सुरक्षा यंत्रणेच्या स्वतंत्र मूल्यांकनाचा, तिसरा टप्पा प्लांटमध्ये धोकादायक पदार्थ येण्याआधी पूर्ण झालेला असला पाहिजे, उत्पादन सुरू झाल्यावर नव्हे. असेसमेंटच्या पथकात डिझाइन टीमबाहेरची किमान एक ज्येष्ठ, जाणकार व्यक्ती लागते. तिची तारीख कमिशनिंगचे वेळापत्रक आखतानाच घेऊन ठेवा.