‘स्टोरी टाका, मठ्ठा घ्या’ आणि ‘फाइव्ह स्टार द्या, मठ्ठा घ्या’ : दिसायला सारखं, पण एक नाही

हल्ली कुठल्याही कॅफेत, सलूनमध्ये नाहीतर मिसळीच्या हॉटेलात काउंटरवर एक पाटी असतेच. एका ठिकाणी लिहिलेलं असतं ‘इन्स्टाग्रामवर स्टोरी टाका, टॅग करा, मठ्ठा फ्री’ आणि चार दुकानं सोडून तशाच पाटीवर ‘गूगलवर फाइव्ह स्टार द्या, मठ्ठा फ्री’. मालकाला विचारलं तर दोन्ही एकच, गिऱ्हाईक फोन काढतंय, आपलं नाव चार लोकांत जातंय, बदल्यात एक ग्लास मठ्ठा गेला तर गेला. माझं मत विचाराल तर पहिलं बिनधास्त करा आणि दुसऱ्याची पाटी आजच काढा.

स्टोरी कोण बघतं ते बघा ना. टाकणाऱ्याच्या ओळखीचे लोक. मामेबहीण, ऑफिसमधला कोणीतरी, सोसायटीतली मैत्रीण. त्यांना माहितीये ही पोरगी कशी आहे, हिला सगळंच ‘भारी’ वाटतं की ही खरंच चवीची आहे, आणि पटलं नाही तर सरळ मेसेज करून विचारतात, ‘कुठंय गं हे, खरंच चांगलंय का?’ म्हणजे तिने बक्षीस घेऊन टाकली तरी फसतं कोण? फोटोत समोर आलेलीच मिसळ आहे, तर्री दिसतीये, शेव दिसतीये, आणि २४ तासांनी स्टोरी गायब. शिवाय टॅग केलं की दुकानाला तीच स्टोरी आपल्या अकाउंटवर परत टाकता येते. तोटा म्हणाल तर आवाका छोटा, पण तुमचं दुकान कोथरूडला असेल तर कोथरूडच्या चाळीस लोकांनी बघितलेलं तुम्हाला जास्त उपयोगी, दिल्लीतल्या चार हजारांचं काय करणार? अकाउंट प्रायव्हेट असेल तर टॅग तुमच्यापर्यंत येईलच असं नाही, मग फोनवर दाखवली की झालं, त्यावरून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालू नका.

रिव्ह्यूचं गणितच वेगळं. तो वाचतो अनोळखी माणूस. नाशिकहून कामाला आलेला, सकाळी अकरा वाजता पोटात कावळे ओरडतायत, मॅपवर ‘मिसळ’ टाकतो आणि ४.८ बघून गाडी वळवतो. त्याला लिहिणारा कोण ते माहीत नाही, त्यामुळे त्याचा सगळा भरवसा एवढ्यावरच की ह्या लोकांना कोणी काही दिलेलं नाही. म्हणूनच गूगलच्या नियमात स्पष्ट आहे, पैसे, सूट किंवा फुकट वस्तू देऊन रिव्ह्यू लिहून घ्यायचा नाही, आणि वाईट रिव्ह्यू बदलायला किंवा काढायला लावायला पण काही द्यायचं नाही. पकडलं गेलं तर रिव्ह्यू उडतात, काही काळ नवीन रिव्ह्यू येणं बंद होऊ शकतं, आणि प्रोफाइलवर लोकांना दिसेल अशी सूचनाही लागू शकते. मठ्ठ्यापायी एवढं?

यावर लगेच उत्तर येतं, ‘आम्ही फाइव्ह स्टार म्हणतच नाही, फक्त रिव्ह्यू द्या म्हणतो.’ अमेरिकेत २०२४ च्या ऑक्टोबरपासून लागू झालेल्या नियमात हा फरक धरलाय खरा, तिथे चांगलंच लिहायच्या अटीवर बक्षीस देणं थेट बेकायदा आहे. गूगलला मात्र फरक पडत नाही, बक्षीस म्हणजे बक्षीस. आणि खरं सांगा, हातात फुकटचा ग्लास, समोर मालक उभा, अशात दोन स्टार देणारा माणूस कोणी बघितलाय का?

एक प्रकार अजून चालतो, तो तर जास्त चलाखीचा. क्यूआर स्कॅन केला की आधी विचारतात ‘कसं वाटलं?’ चार-पाच स्टार दाबले की गूगलचं पान उघडतं, तीन दाबले की ‘आपली तक्रार इथे लिहा’ असा फॉर्म. अशा पाट्या तयार विकत मिळतात आणि विकणारा सांगत नाही की हेही गूगलच्या नियमात बसत नाही. रिव्ह्यू मागायला काहीच हरकत नाही हो, गूगल स्वतःच त्यासाठी लिंक आणि क्यूआर देतं. फक्त सगळ्यांकडे मागा आणि बदल्यात काही देऊ नका.

आता स्टोरीच्या बाजूलाही सगळं मोकळं रान नाही. दिवाळीत फराळ विकणारे हमखास टाकतात, ‘पोस्ट आपल्या वॉलवर शेअर करा, तीन मैत्रिणींना टॅग करा, चकलीचा डबा जिंका’. फेसबुकच्या नियमात शेअर करणं किंवा मित्रांना टॅग करणं ही स्पर्धेची अट ठेवता येत नाही, तरी सर्रास चालतं. इन्स्टावर स्पर्धा घेतली तर तिचा इन्स्टाग्रामशी संबंध नाही असं लिहायला लागतं, ते तर कोणीच लिहीत नाही.

आणि फूड ब्लॉगरला बोलावून फुकट थाळी खिलवली की तो गिऱ्हाईक राहत नाही, ती जाहिरात झाली. अॅस्कीची, म्हणजे जाहिरातवाल्यांनीच स्वतःवर लक्ष ठेवायला काढलेल्या संस्थेची, नियमावली २०२१ पासून आहे, केंद्र सरकारची २०२२ ची आहे, पैसे नसले तरी फुकट वस्तू किंवा सूट मिळाली की ते पोस्टवर दिसेल असं सांगावं लागतं, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कायद्यात पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे. दोनशे फॉलोअरवाल्या गिऱ्हाइकाच्या मागे कोणी लागणार नाही, पण तिनेही ‘मठ्ठा दुकानाकडून’ असं कोपऱ्यात लिहिलं तर बिघडतं काय? उलट बघणाऱ्याला कळतं की आपण गेलो तर आपल्यालाही मिळेल.

पाटी करायचीच असेल तर अशी करा : ‘फोटो स्टोरीत टाका, आम्हाला टॅग करा, मठ्ठा आमच्याकडून. काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.’ गूगलचा क्यूआर वेगळा, बिलाच्या मागे छापा, त्यावर मठ्ठ्याचं नाव नको. आणि पोरांना सांगून ठेवा की टेबलाशी उभं राहून ‘सर माझं नाव टाका ना’ करायचं नाही, ओळीने वीस रिव्ह्यूमध्ये एकाच वेटरचं नाव दिसलं की वाचणाऱ्याला काय ते कळतंच.