ग्रंथसूचीत शोध घेताना: अर्धवट शब्द आणि अनेक रकाने

आमची ग्रंथसूची प्रणाली वापरणाऱ्या गोव्यातील वाचनालयांकडून दोन तक्रारी वारंवार येतात. पहिली अशी, की शब्दाची सुरुवातीची अक्षरे दिली तरी काही पुस्तके सापडतात आणि काही सापडत नाहीत. दुसरी अशी, की लेखकाचे आडनाव आणि विषय एकत्र दिल्यास शोध रिकामा येतो. प्रणालीच्या नव्या आवृत्तीत या दोन्हींवर काय केले आहे, ते या पत्रकात दिले आहे.

आमचा शोध अपाची ल्यूसीन या मुक्तस्रोत लायब्ररीवर, म्हणजे इतर प्रणालींत वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचावर, चालतो. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये ती लिहिली आणि २००१ पासून ती अपाची फाउंडेशनकडे आहे. ल्यूसीन नोंदींतील शब्द शब्दकोशाप्रमाणे क्रमाने लावून ठेवते, त्यामुळे ‘मड’पासून सुरू होणारे सगळे शब्द तिला एका जागी सलग मिळतात. या प्रकारच्या शोधाला प्रीफिक्स क्वेरी म्हणतात. शेवटच्या अक्षरांवरून, म्हणजे ‘गाव’वरून ‘मडगाव’, शोधायचे झाले तर मात्र जवळपास सगळी यादी चाळावी लागते, म्हणून ती सोय आम्ही बंद ठेवली आहे.

प्रीफिक्स क्वेरी दिलेली अक्षरे जशीच्या तशी जुळवते. व्याकरण तिला कळत नाही. आपली खरी अडचण येथेच आहे. वाचकाने ‘गोवा’ टंकले की ‘गोवा’ आणि ‘गोवामुक्ती’ सापडतात, पण ‘गोव्यातील देवळे’ किंवा ‘गोव्याचा इतिहास’ सापडत नाही, कारण विभक्तीपूर्वीच्या सामान्यरूपात ‘वा’चा ‘व्या’ होतो आणि संगणकाच्या दृष्टीने ‘व’नंतर काना नसून हलन्ताचे चिन्ह येते. ‘फोंडा’ आणि ‘फोंड्यातील’ यांचेही तसेच. म्हणून नव्या आवृत्तीत शब्दाच्या शेवटी काना, मात्रा किंवा वेलांटी असल्यास ती वगळून उरलेल्या भागावर प्रीफिक्स क्वेरी चालवली जाते. यामुळे ‘नदी’वरून ‘नद्या’ मिळतात आणि ‘कवी’वरून ‘कविता’ही मिळते. याची किंमत अशी, की ‘गोव’वरून गोवर या आजारावरची पुस्तिकाही यादीत येते. ती टाळता येत नाही, पण खाली ढकलता येते: तंतोतंत जुळणाऱ्या शब्दाला आम्ही जास्त वजन देतो, तर प्रीफिक्सने सापडलेल्या सर्व शब्दांना ल्यूसीन मुळातच सारखे गुण देते (यादीतला क्रम या गुणांवरून ठरतो). ‘गोमंतक’ मात्र या मार्गाने कधीच सापडणार नाही. त्यासाठी समानार्थी शब्दांची वेगळी यादी लागते आणि ती ग्रंथपालांनीच करून देणे योग्य, असे आमचे मत आहे.

एकाच अक्षरावर शोध आम्ही चालवत नाही. ‘क’ दिल्यास ‘क्ष’पासूनचे शब्दही येतात, कारण ‘क्ष’ हा संगणकात ‘क’नेच सुरू होतो. शिवाय प्रत्येक शब्दाला वेगळे गुण देण्याची पद्धत निवडली, तर सापडलेल्या प्रत्येक शब्दाची एक उपक्वेरी होते आणि एका क्वेरीत १०२४ उपक्वेरींची मूळ मर्यादा ओलांडून शोध त्रुटी दाखवून थांबू शकतो.

आता दुसरी तक्रार. वाचक ‘बोरकर कविता’ असे टंकतो. बा. भ. बोरकर यांचे आडनाव लेखकाच्या रकान्यात असते, ‘कविता’ हा शब्द विषयाच्या रकान्यात. दोन्ही शब्द एकाच रकान्यात हवेत असा आग्रह धरला, तर शोध रिकामा येणारच. जुन्या आवृत्तीत नेमके हेच होत होते. आता क्वेरी शब्दवार बांधली जाते: ‘बोरकर’ शीर्षक, लेखक, विषय यांपैकी कोठेतरी असलाच पाहिजे आणि ‘कविता’ही यांपैकी कोठेतरी असलाच पाहिजे. प्रत्येक शब्दासाठी तिन्ही रकान्यांच्या गुणांची बेरीज न करता सर्वांत मोठे गुण घेतले जातात आणि इतर रकान्यांचा थोडासाच वाटा त्यात मिळवला जातो. बेरीज केली असती, तर शीर्षकात आणि विषयात दोन्हीकडे बोरकरांचे नाव असलेला समीक्षाग्रंथ त्यांच्या स्वतःच्या कवितासंग्रहांच्या वर गेला असता. लेखकाच्या रकान्याला आम्ही सर्वाधिक वजन दिले आहे. शाळांच्या ग्रंथालयांना शीर्षक महत्त्वाचे वाटत असल्यास ते बदलून मिळेल.

दाखल क्रमांकाचा रकाना या शोधात नाही, त्याची चौकट वेगळी आहे. रकान्यांचे वजन बदलण्यासाठी इंडेक्स, म्हणजे ल्यूसीनने क्रमाने लावलेली शब्दांची यादी, नव्याने बांधावा लागत नाही. नवा रकाना शोधात आणायचा असल्यास मात्र तो बांधावा लागतो, म्हणून अशी विनंती वाचनालयाच्या साप्ताहिक सुट्टीच्या आधी कळवावी.