अंगणवाडीचा आहार आणि मातृवंदनेचे पैसे: पात्रता, कागदपत्रं, नोंदणी

गरोदर बाईला सरकारकडून दोन गोष्टी मिळतात: अंगणवाडीतला पोषण आहार आणि प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे. दोन्हींचे नियम वेगळे आहेत, आणि ते एकमेकांत मिसळले की हक्काचं हातातून जातं.

आहाराला उत्पन्नाची अट नाही. रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं असो, राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ नुसार गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने आईला, तसंच सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला हा आहार मोफत मिळतो. आईसाठी रोजचं प्रमाण ६०० किलोकॅलरी, लहान बाळासाठी ५००, कुपोषित बाळासाठी ८००. तीन वर्षांखालच्या मुलांचा आणि आईचा आहार घरी न्यायचा असतो. मोठ्या मुलांना नाश्ता आणि गरम जेवण अंगणवाडीतच. दर महिन्याच्या वजन-उंचीला बाळाला नक्की न्या. तिथल्या नोंदीवरूनच ८०० किलोकॅलरीचा वाढीव आहार सुरू होतो.

पाळी चुकून गरोदरपण नक्की झालं की लगेच अंगणवाडीत आणि आरोग्य उपकेंद्रात नाव नोंदवा. आधार कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल सोबत असू द्या. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये ओटीपीने ई-केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी होते, आणि जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना चेहऱ्याची पडताळणी करतात. आधारला बंद पडलेला नंबर जोडलेला असेल तर काम इथेच अडतं, म्हणून आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या. बाळंतपणाला माहेरी जाणार असाल किंवा ऊसतोडीला, तर निघण्याआधी अंगणवाडी सेविकाताईंना सांगून नाव तिकडच्या अंगणवाडीत वळवून घ्या.

मातृवंदनेला मात्र अटी आहेत. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, ३,००० आणि २,०००. दुसरं बाळ मुलगी असेल तरच जन्मानंतर एकरकमी ६,०००. पण त्याही गरोदरपणाची नोंद वेळेत झालेली हवी. दुसऱ्या खेपेला जुळं झालं आणि त्यात एक जरी मुलगी असली, तरी ही रक्कम मिळते.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा कमी असल्याचा तहसीलचा दाखला, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, दारिद्र्यरेषेखालील किंवा अन्न सुरक्षेचं रेशनकार्ड, मनरेगा जॉबकार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड, बाईच्या नावचा पीएम किसान लाभ, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व, यांपैकी कुठलाही एकच पुरावा पुरतो. सगळे गोळा करत बसू नका. केंद्र-राज्य सरकारच्या किंवा सार्वजनिक उपक्रमाच्या नियमित नोकरीतल्या बाईला हा लाभ नाही. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही.

अर्ज सेविका किंवा आशाताई भरून देतात. योजनेच्या पोर्टलवर स्वतःही भरता येतो. सोबत आधार, वरचा पुरावा आणि माता-बाल संरक्षण कार्ड लागतं. या कार्डावरची शेवटच्या पाळीची तारीख सगळ्यात महत्त्वाची. पहिल्या हप्त्यासाठी त्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी व्हायला हवी. पाळीची तारीख १ जानेवारी असेल, तर जूनअखेर तपासणी झालेली आणि कार्डावर लिहिलेली पाहिजे. खासगी दवाखान्यात तपासलं असेल तर ती नोंद उपकेंद्रातल्या एएनएम (आरोग्यसेविका) ताईंकडून कार्डावर चढवून घ्या. दुसऱ्या हप्त्याला बाळाचा जन्मदाखला आणि चौदाव्या आठवड्यापर्यंतचं लसीकरण पूर्ण झाल्याची नोंद लागते. जन्मानंतर २७० दिवसांच्या आत अर्ज झालाच पाहिजे.

मंजूर झालेले पैसेही हातात येत नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा बँकेत असतं. पैसे पासबुकाच्या झेरॉक्सवरच्या नंबरावर जात नाहीत. ज्या खात्याला शेवटी आधार सीडिंग झालं, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधार जोडलं गेलं, त्या खात्यात ते जातात. कधी तरी सिम घेताना उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं तिथे जोडलेलं निघतं आणि पैसे तिकडेच पडून राहतात. केवायसीसाठी बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. त्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो. माय आधार संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघितलं की कोणती बँक जोडली आहे ते कळतं. खातं बाईच्या एकटीच्या नावाचं हवं, नवऱ्यासोबतचं संयुक्त खातं चालत नाही. आधारवर अजून माहेरचं नाव असेल, तर अर्जातही तेच नाव लिहा. नाव बदलण्याच्या खटपटीत मुदत निघून जाते.

गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्माला आलं, तर पुढच्या गरोदरपणात त्या बाईला नवीन लाभार्थी धरतात. हे फार घरांना माहीत नसतं आणि ‘एकदा घेतलंय’ म्हणून अर्जच केला जात नाही. तो जरूर करा. अर्ज कुठे अडला तर आधी अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, मग बालविकास प्रकल्प अधिकारी यांना लेखी द्या आणि पोच घ्या. १४४०८ या टोल फ्री नंबरावरही तक्रार करता येते.