साच्यातून सुटलेलं वर्तुळ

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यावर पत्र्याचा साचा ठेवून मारलेला मार्का नीट पाहा. त्यातल्या 'ठ'चं वर्तुळ अखंड नसतं, दोन ठिकाणी तुटलेलं असतं. आतला तुकडा निखळू नये म्हणून पत्र्याचा पूल सोडावाच लागतो. आजच्या अमूर्त स्क्रीनप्रिंटमध्ये एखादं पूर्ण कडं कागदावर एकटं तरंगतं, ते हा पूल नाहीसा झाला म्हणून.

जपानी कारागीर कापडावर नक्षी छापायला फळाचा रस पाजून टणक केलेले कागदी साचे वापरत. सुटे तुकडे ते रेशमाच्या धाग्यांनी जागेवर धरून ठेवत. धागा इतका बारीक, की रंग दोन्ही बाजूंनी पसरून त्याची खूण बुजवून टाकी. पुढे सुट्या धाग्यांच्या जागी चौकटीवर ताणलेलं अख्खं रेशमी कापड आलं: नको तिथली छिद्रं बुजवायची, उरलेल्यांतून रंग खाली उतरतो. हाच स्क्रीनप्रिंट. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

बराच काळ हे काम पाट्या आणि जाहिरातींचंच राहिलं. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या सरकारी कलाप्रकल्पात अँथनी वेलोनिस यांनी ते चित्रकारांना शिकवलं. धंद्याच्या छपाईपासून वेगळं ओळखू यावं म्हणून 'सेरिग्राफ' हा शब्दही त्याच सुमारास रूढ झाला. अमूर्त चित्रकारांना इथे हवं ते मिळालं: ब्रशची खूण नसलेला सपाट, दाट रंग आणि धारदार कड. अमूर्त चित्रकार जोसेफ अल्बर्स यांच्या १९७२च्या एकाच संचात अशी १२७ प्रिंट्स आहेत.

रीत स्क्रीनप्रिंटच्या लग्नपत्रिकेचीच, पण पत्रिकेत बारीक अक्षरं असतात, इथे वीतभर सलग रंग. सेंटिमीटरला ९० ते १२० धाग्यांची पॉलिस्टर जाळी कागदापासून दोन-तीन मिलिमीटर वर ठेवतात. स्क्वीजी, म्हणजे शाई जाळीतून दाबणारी रबरी पट्टी, एका दमात ओढायची. मध्येच थांबलात तर तिथे पट्टा उमटतो. दोन कागदांत जास्त वेळ गेला की शाई जाळीतच वाळते आणि रंगात टाचणीएवढी पांढरी भोकं राहतात. म्हणून कागद बदलण्याआधी जाळीवर शाईचा थर परत पसरून ठेवायचा.

खरा घात पावसाळ्यात होतो. सुती कागद हवेतला ओलावा पिऊन फुगतो. काल छापलेल्या निळ्याशेजारी आजचा लाल मिलिमीटरभर चुकतो आणि मध्ये पांढरी रेघ उघडी पडते. कागद आदल्या दिवसापासून छपाईच्याच खोलीत टांगावा, एक रंग सगळ्या प्रतींवर एकाच बैठकीत उरकावा, आणि ३० प्रती हव्या असतील तर ३६ कागद घ्यावेत. आधी फिकट रंग छापावा, मग गडद, आणि गडद रंग फिकटावर अर्धा मिलिमीटर चढू द्यावा. जाळीवर लावायचा, प्रकाशाने घट्ट होणारा लेप, म्हणजे इमल्शनही या दिवसांत लवकर वाळत नाही. ओलसर असतानाच एक्सपोज केलं, म्हणजे त्यावर प्रकाश टाकला, तर धुताना आकाराच्या कडा सुटून येतात.

डिजिटल प्रिंट सेरिग्राफ म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे, आणि ती घेणाऱ्याला ओळखता येते. भिंगाखाली डिजिटल प्रिंटच्या सलग रंगातही बहुधा बारीक ठिपके दिसतात. स्क्रीनप्रिंट खिडकीपाशी तिरका धरला, की दोन रंगांच्या सांध्यावर एकावर एक चढलेला तो अर्धा मिलिमीटर किंचित उंच दिसतो.