गोळ्यांनी गर्भपात: सही कुणाची, कागद कोणते, मुदत किती

"मिस्टर आलेत का सोबत?" गर्भपातासाठी गेलेल्या बाईला दवाखान्याच्या खिडकीवर बहुतेकदा हाच पहिला प्रश्न ऐकू येतो. काळजीने विचारलं असेल तर ठीक. पण पुढे "त्यांची सही लागेल" असं कुणी म्हणालं, तर ते चूक आहे. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ सालचा. २००२ आणि २०२१ साली त्यात मोठे बदल झाले, पण नवऱ्याच्या सहीची अट त्यात ना आधी होती, ना आता आहे. बाईला १८ वर्षं पूर्ण असतील आणि ती मानसिक आजारी नसेल, तर तिची एकटीची संमती पुरते.

ही संमती 'फॉर्म सी' वर घेतात. फॉर्म अगदी छोटा असतो: नाव, वय, कायमचा पत्ता, सध्याचा पत्ता, दवाखान्याचं नाव, तारीख, सही. गोंधळ होतो तो 'मुलगी / पत्नी' या शब्दांपुढच्या रिकाम्या जागेवर. तिथे वडिलांचं नाव लिहिलं तरी चालतं. नवऱ्याने सही करायची अशी ओळच त्या फॉर्मवर नाही. मुलगी १८ च्या आतली असेल किंवा बाई मानसिक आजारी असेल, तर पालकाची लेखी संमती लागते.

६३ दिवस कुठून मोजायचे

दवाखान्यातून गोळ्या घेऊन घरी जायची मुदत नऊ आठवडे, म्हणजे ६३ दिवस. २००३ च्या नियमांत ती सात आठवडे होती, २०२१ मध्ये वाढली. जुन्या माहितीपत्रकांत अजून सातच छापलेले दिसतात.

दिवस मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. समजा पाळी ३ मार्चला आली होती, तर ५ मे रोजी ६३ दिवस होतात. पुष्कळ जणी संबंध आला त्या दिवसापासून मोजतात आणि हिशेबातले साधारण दोन आठवडे गळतात. पाळी दहा दिवस चुकल्यावर घरी टेस्ट केली, दोन रेघा आल्या, तेव्हा पाच आठवडे उलटून गेलेले असतात. म्हणून तारीख कागदावर लिहूनच न्या. कागदपत्रांत सगळ्यात कामाचा कागद तोच.

नऊ आठवडे उलटले म्हणून गर्भपाताचा रस्ता बंद होत नाही, फक्त पद्धत बदलू शकते. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ती सवलत ठरावीक परिस्थितींतच आहे: बलात्कार, अल्पवयीन मुलगी, गर्भारपणात आलेलं वैधव्य किंवा घटस्फोट, गंभीर अपंगत्व, मानसिक आजार, गर्भातलं व्यंग, आपत्तीची परिस्थिती. २४ च्या पुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर प्रकरण मेडिकल बोर्डाकडे, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या सरकारी समितीकडे जातं. बाईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने गर्भपात करावा लागला, तर ही आठवड्यांची मर्यादा आड येत नाही.

कारण काय सांगायचं

आपला कायदा 'बाईने मागितला की गर्भपात' असं म्हणत नाही, डॉक्टरचं मत लागतंच. मला हे खटकतं, पण नियम असा आहे. ते मत लिहिणं हे डॉक्टरचं काम, तुम्हाला अर्ज लिहावा लागत नाही. गर्भनिरोधक फसलं हे कारण पुरेसं आहे. पूर्वी इथे 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' असे शब्द होते, २०२१ पासून 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे आहेत. त्यामुळे मंगळसूत्र आहे की नाही हे बघायचं कारण उरलेलं नाही. २० ते २४ आठवड्यांतही अविवाहित बाईला वगळता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी दिला. बलात्कारातून दिवस गेले असतील तर तिचं सांगणं पुरतं, एफआयआरची प्रत ही अट नाही. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत डॉक्टरला पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवावं लागतं, पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव न देता कळवता येतं. हेही त्याच निकालात आहे.

आधार कार्ड? गर्भपातासाठी ते कायद्याने सक्तीचं नाही. मागतात ते बहुधा सोनोग्राफीच्या 'फॉर्म एफ' साठी, आणि तो गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या वेगळ्या कायद्याचा भाग आहे. जवळ असलेलं बरं, एवढंच. त्याशिवाय रक्तगट, आधीचे रिपोर्ट आणि चालू औषधांची चिठ्ठी न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, बरेच दिवस चाललेलं स्टिरॉइड, दमा, रक्त कमी असणं, आत बसवलेली तांबी, हे न विचारताही सांगा.

जायचं कुठे

सरकारी रुग्णालयाला वेगळी मान्यता लागत नाही. खासगी ठिकाणी भिंतीवर 'फॉर्म बी', म्हणजे मान्यतेचं प्रमाणपत्र शोधा. छोट्या क्लिनिकमधले पात्र डॉक्टरही नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्या लिहून देऊ शकतात, मात्र त्यांचा एखाद्या मान्यताप्राप्त केंद्राशी संबंध हवा आणि तसा दाखला क्लिनिकमध्ये लावलेला हवा.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणू नका. त्या चिठ्ठीवरच मिळायच्या औषधांत येतात म्हणून नव्हे, किंवा फक्त म्हणून नव्हे. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला असेल तर या गोळ्या तो काढू शकत नाहीत. रक्त जातं, बाईला वाटतं काम झालं, आणि आत नळी फुटायच्या बेतात असते. एका तपासणीने जीव वाचतो, तो इथे.

पहिल्या दिवशी मिफेप्रिस्टोन, २०० मिलीग्रॅमची एक गोळी. तिसऱ्या दिवशी मिसोप्रोस्टॉल; दवाखाना हाकेच्या अंतरावर असेल तर डॉक्टर ती घरी घ्यायला देऊ शकतात. या गोळीनंतर पोटात कळा येतात, पाळीपेक्षा जास्त रक्त जातं, गाठी पडतात. हे अपेक्षितच आहे. सलग दोन तास दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, चक्कर येत असेल, ताप उतरत नसेल, किंवा मिसोप्रोस्टॉल घेऊन २४ तास झाले तरी रक्तच गेलं नसेल, तर थांबू नका. साधारण पंधराव्या दिवशी परत तपासणी. शंभरातल्या काही जणींना पिशवी साफ करावी लागते. गोळ्या घेतल्यावर गर्भ तसाच ठेवायचा विचार मात्र करू नये, त्यात व्यंग राहण्याचा धोका असतो.

त्या पंधराव्या दिवशी जाताना दवाखान्याने दिलेलं फेरतपासणीचं कार्ड न्यायला विसरू नका. त्यावर तुमचं नाव नसेल, फक्त एक क्रमांक असेल. नियमच तसा आहे: नाव एकट्या प्रवेश नोंदवहीत राहतं, बाकी कागदांवर क्रमांक. तुमचा फॉर्म सी आणि डॉक्टरचं मत सीलबंद पाकिटात जातं, पाकिटावर 'गुप्त' असा शेरा असतो. कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कुणालाही ही माहिती दिली, तर देणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. घरचं कुणी चौकशीला आलं तरी हाच नियम, आणि नवराही त्यात आला.