कापलेले दहा टक्के गेले कुठे?

ऐरोली स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकतोय: "कॉन्ट्रॅक्टवर गेलास की दहा टक्के सरळ बुडाले." नाही बुडत. तो टीडीएस असतो, म्हणजे फी देतानाच कंपनीने कापून तुमच्या नावावर जमा केलेला कर.

आर्थिक वर्ष 2025-26 चा हिशोब मांडू. नवी करप्रणाली, एक कायम नोकरीवाला आणि एक कॉन्ट्रॅक्टर, दोघांचेही वर्षाचे 18 लाख. कायम नोकरीवाल्याला 75 हजारांची प्रमाणित वजावट मिळते, उरलेल्या 17.25 लाखांवर सेससह 1,50,800 रुपये कर. तांत्रिक सल्लागार असलेल्या कॉन्ट्रॅक्टरला ही वजावट नाही, पण कलम 44एडीए आहे: फीच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची. त्याने 9 लाख दाखवले, तर 12 लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्य. कापलेले 1.80 लाख परत, अर्थात रिटर्न भरलं तर! आम्हा कॉन्ट्रॅक्टरांतले निम्मे तिथेच आळस करतात.

बुडतं ते वेगळंच: पीएफ, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा. शिवाय फी 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी मागे लागते. दर ठरवताना घासाघीस करायची ती यावर.