वर्गणी भरली, तरी मध्ये जाहिरात

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. इंदूरला रामबागेत आईकडे टीव्हीवर एका अ‍ॅपवरून जुन्या संगीत नाटकाचं चित्रण लावलं होतं. गायकाने तान घेतली आणि ती समेवर यायच्या आत पडद्यावर गुडघेदुखीचं तेल अवतरलं. कोपऱ्यात आकडे उलटे मोजले जात होते. आईने रिमोट मांडीवर ठेवला आणि विचारलं, "अरे, आपण पैसे भरलेत ना?" भरले होते, चांगले वर्षाचे.

फुकट्या प्रेक्षकाची ही कुरकुर नव्हे. पैसे मोजून बघण्याची सवय इंदूरच्या मराठी माणसाला जुनी आहे. इथे सानंद या मराठी सांस्कृतिक संस्थेची वार्षिक वर्गणी भरून लोक नाटकं बघतात. सभासदांचे गट आहेत: मामा मुझुमदार, रामुभैया दाते, राहुल बारपुते, वसंत, बहार. "तुमचा गट कोणता?" हे लग्नाच्या पंगतीतही विचारलं जातं. वर्गणी एकदा भरली की आपल्या गटाच्या वेळेला खंडवा रोडवरच्या सभागृहात जाऊन बसायचं. दुसऱ्या अंकात कुणी साबण विकायला येत नाही. त्यामुळे आईचा राग रकमेवर नव्हता. ठरलेला सौदा मधेच बदलला, याचा होता.

हा सौदा याआधीही बदलत आलाय. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात टीव्हीचं लायसन्स असे, त्याची फी पोस्टात भरावी लागे. १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती सुरू झाल्या. ऐंशीच्या दशकात लायसन्स गेलं, जाहिराती राहिल्या. फुकट बघा आणि त्या बदल्यात टूथपेस्ट सोसा, हा हिशेब सगळ्यांना कळत होता आणि पटतही होता.

केबलने तो बिघडवला. १९९१ नंतर दरमहा केबलवाला दारात यायला लागला आणि त्याला पैसे देऊनही जाहिराती होत्याच. खरं तर ओरड तेव्हाच व्हायला हवी होती. पण आपण ते पैसे तारेचे समजत होतो, कार्यक्रमांचे नव्हे. १९९४च्या केबल नियमांनी जाहिरातींना तासाला १२ मिनिटांची मर्यादा घातली, त्यातली २ मिनिटं वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या जाहिरातींसाठी. ती पाळली जाते की नाही, हे हातात घड्याळ घेऊन बसलेल्या कुणालाही सांगता येईल.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांचं दुखणं मात्र वेगळं होतं. १५ ऑगस्ट १९९९ला अल्फा मराठी सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीत ती 'लावून द्या ना' म्हणून केबलवाल्याच्या मागे लागावं लागलं होतं. केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत इंदूर होतं. ३१ मार्च २०१३च्या मुदतीने घरात सेट-टॉप बॉक्स आणला. मग २०१९च्या फेब्रुवारीत ट्राय या दूरसंचार नियामकाची नवी दरव्यवस्था आली. १०० वाहिन्यांपर्यंत १३० रुपये, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि पैशाच्या वाहिन्यांचे दर त्यावर वेगळे. ज्या वाहिनीला पॅकमध्ये बसायचं तिचा दर जास्तीत जास्त १९ रुपये हवा होता. आम्हाला मिळालेल्या हिंदी पॅकमध्ये मराठी काहीच नव्हतं. आईने किराण्याच्या यादीसारखी वाहिन्यांची यादी वहीच्या पाठकोऱ्या कागदावर केली, पुढे दर लिहिले, बेरीज केली आणि दोन नावांवर काट मारली.

या कटकटीला कंटाळलेल्या माणसाला स्ट्रीमिंग म्हणजे सुटका वाटली. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६मध्ये आलं, महिना ५०० रुपयांपासून. सप्टेंबरात जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि डिसेंबरात प्राइम व्हिडिओ आलं. प्राइमचं वर्ष तेव्हा ४९९ रुपयांत मिळे. या दोघांचं मोठं आकर्षण म्हणजे मध्ये जाहिरात नाही. हॉटस्टारचा जाहिरातींसकट फुकटचा भाग आधीपासून होता, पण तिथे सौदा दूरदर्शनचाच होता.

पुढे प्रत्येकाने आपापलं गणित मांडलं. १४ डिसेंबर २०२१ या एकाच दिवशी प्राइमचं वर्ष ९९९वरून १४९९वर गेलं आणि नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन १९९वरून १४९वर आला. अर्थात मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही, म्हणजे आईच्या कामाचा नाही. २०२२च्या पहिल्या तिमाहीत नेटफ्लिक्सचे जगभरात सुमारे दोन लाख ग्राहक घटले आणि वर्ष संपायच्या आत काही देशांत त्यांनी जाहिरातींचा स्वस्त प्लॅन काढला. भारतात तो आला नाही. इथे जुलै २०२३मध्ये आली ती पासवर्ड वाटण्यावरची बंदी, एक खातं एका घरापुरतं. इंदूरच्या मराठी घरांना हे जास्तच लागलं, कारण आईवडील इथे आणि मुलं पुण्यात. मग घर कोणतं धरायचं?

क्रिकेटने लोकांना आणखी गोंधळात टाकलं. २०२३ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट होती. १४ फेब्रुवारी २०२५ला जिओसिनेमा आणि हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झालं आणि जाहिरातींसकटचा मोबाइल प्लॅन तीन महिन्यांना १४९ रुपये ठरला. त्याच वर्षी १७ जूनपासून प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू झाल्या. नको असतील तर महिना १२९ किंवा वर्षाला ६९९ जास्तीचे. म्हणजे जे आधी वर्गणीत होतं तेच वेगळ्या दराने पुन्हा विकायला ठेवलं.

ट्रायचे दर आणि ती १२ मिनिटं टीव्ही वाहिन्यांसाठी आहेत, ओटीटीला, म्हणजे इंटरनेटवरच्या या अ‍ॅपना, ती लागू नाहीत. २०२१चे आयटी नियम मजकूर आणि तक्रारींबद्दल बोलतात, किमतीबद्दल नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्या ठरवल्या, त्यांत वर्गणीतून बाहेर पडणं मुद्दाम अवघड करणं हीसुद्धा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे खात्यातून आपोआप पैसे जाण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते.

ती सूचना येते, नाही असं नाही. पण कार्ड भावाचं आहे, म्हणून ती पुण्यात त्याच्या फोनवर जाते. मीटिंगमध्ये असला की तो ती न वाचताच सरकवून टाकतो. इथे आई दर जाहिरातीला आवाज बंद करते आणि पुन्हा लावायला विसरते.